वाऱ्याआड धरलेली छत्री

नामदेवकाका लग्नाला छत्री घेऊन येतात आणि मांडवात उघडतात. पाऊस नसतो. पुतण्या आणि त्याचे मित्र यांच्या मधोमध ती आडवी धरून ते उभे राहतात.

हसनाबादला आम्ही शेजारी. काकांची हयात कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर गेली. फुलातले पुंकेसर काढायचे, वर कागदी पिशवी चढवायची, परक्या वाणाचा पराग वाऱ्याने किंवा किड्यांनी येऊ द्यायचा नाही. काम सुटलं, सवय राहिली. माणूस भेटला की ते आधी त्याचं बियाणं, म्हणजे घराणं विचारतात, मग रान, म्हणजे संगत. "बी एकट्यानं बिघडत न्हाई. रानानं साथ दिली, मंगच बिघडतं."

त्यांचे वडील दारूने गेले, नंतर धाकटा भाऊ. भावाचा मुलगा अमोल काकांकडेच वाढला. नुकतीच विशी ओलांडलेला. त्याने अजून घोट घेतलेला नाही. काकांनी लग्न केलं नाही. कारण विचारलं की म्हणतात, "वाण बंद केला."

पिंपळगाव रेणुकाईला अमोलच्या मित्राच्या लग्नात मीही होतो. वरात वेशीकडे गेली होती. बँडचा आवाज कपाशीवरून तरंगत येत होता आणि फुटलेली बोंडं संधिप्रकाशात खाली उतरलेल्या ढगासारखी दिसत होती. मांडवामागे मित्रांनी गाडीच्या बॉनेटवर ग्लास मांडले. काकांनी छत्री उघडली.

"काका, ऊन तर गेलं की!"

"ऊन न्हाई रे, वारा अडवून राह्यलो."

पोरं खदखदून हसली. एकाने छत्रीवरून अमोलच्या हातात ग्लास दिला.

अमोल काकांवरच उखडला. "मी काय कपाशी हाय का? तुमी बी त्याच बियाण्याचे. तुमच्यासाठी कोणी धरली छत्री?"

काकांनी छत्री जरा खाली घेतली.

"कोणीच न्हाई. म्हणून मी कुणात बसलोच न्हाई. पारावर न्हाई, पंगतीत न्हाई. जल्दी घरी यायचं, कडी लावायची." त्यांनी छत्री मिटली. "तू तसा राहू नको. बस तुझ्या माणसांत."

ते निघाले. अमोलने त्यांना हाक मारून थांबवलं. मग हातातला ग्लास त्याने मित्राला परत दिला.

"मला पाणी दे. आन् एक खुर्ची."

खुर्ची काकांसाठी होती. काका तिच्या कडेवर टेकले, छत्री मांडीवर आडवी. ग्लास देणाऱ्या पोरानेच विचारलं, "काका, चहा सांगू?"

काकांनी अमोलकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.