सहा पायांचा घोडा

आमच्या भरतकामाच्या कारखान्यात माझ्या हुकमाशिवाय सुई हलत नाही. मग ती कॉम्प्युटरने हलवायची असली तरी! हा कॉम्प्युटर इतका म्हातारा, की त्याच्या बरोबरीचे केव्हाच भंगारात गेले. पण त्याच्या पोटात एक कार्ड खोचलंय आणि भरतकामाचं मशीन फक्त त्या कार्डाचं ऐकतं. नव्या कॉम्प्युटरात ते बसतच नाही, म्हणून म्हाताऱ्याला सांभाळायचं.

त्या दिवशी घोडेस्वारांच्या क्लबचे बिल्ले संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. नाही दिले, तर काम समोरच्या जाऊबाईंच्या कारखान्यात जाणार. त्या सकाळपासूनच आमच्या दाराकडे तोंड करून खुर्ची टाकून बसल्या होत्या.

पहिला बिल्ला निघाला. घोड्याला सहा पाय.

"घोडा आहे की झुरळ?" मी मुलाला विचारलं.

त्याने कॉम्प्युटरात डोकं घातलं. "आई, मेमरी मॅनेजरचं भांडण दिसतंय."

"हा कोण मॅनेजर? त्याला पगार कोण देतं?"

"प्रोग्राम आहे गं. आत कुठली जागा रिकामी आहे ते बघतो आणि तिथे सामान ठेवतो. आता कार्डाच्या जागेतच ठेवतोय."

"म्हणजे एका खोलीत दोन बिऱ्हाडं. हाकल त्याला."

हाकलला. तर नक्षीला जागाच पुरेना. मशीन नुसतं शेपूट काढून थांबलं. परत बोलावला, तर परत सहा पाय.

"तुझा भाऊ राहायला आला की असाच पसरतो," मी सुनेला ऐकवलं.

तिने कॉम्प्युटर बंद करून त्यातलं कार्ड उपसलं आणि उजेडात धरलं. "अहो, ही बारकी बटणं बघा. सगळी एका रांगेत. आधी काही वर, काही खाली होती ना?"

"होती," मी म्हणाले. "काल झाकण काढून धूळ पुसली, तेव्हा मीच सरळ केली. कसली ती वेडीवाकडी."

मुलाने डोळे मिटले. "आई, त्या बटणांवरून कार्डाची जागा ठरते. आधी कशी होती?"

"वाकडी."

"कशी वाकडी?"

"वाकडं दिसलं की मी सरळ करते. पाठ करत बसत नाही."

शेवटी त्याने कार्डाची नवी जागा हुडकली आणि मॅनेजरसाठी एक ओळ लिहिली, की इथे पाऊल टाकायचं नाही. मशीन खडखडलं. तिघांनी वाकून पाय मोजले. चार! बिल्ले वेळेत गेले आणि जाऊबाई खुर्ची उचलून आत गेल्या.

"बघा, नवी खोली मानवली कार्डाला," मी म्हणाले.

"एक ओळ लिहिली की ऐकतो बिचारा मॅनेजर," मुलगा म्हणाला.

"माणसांसाठी निघालीय का हो अशी ओळ?" सूनबाईंनी विचारलं.

निघाली नसावी. कारण दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या झाकणाला कुलूप लागलं. या घरातल्या सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात. ही एक सोडून.