चौथ्या मजल्यावरचं जहाज

"आज जहाजाचं नाव काढणार नाही," टेबल पुसता पुसता चष्मेवाल्यांनी जाहीर केलं. सकाळपासून हे त्यांचं बऱ्याचदा जाहीर करून झालं होतं.

"बरं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"लोखंडी मुखवट्यातल्या कैद्याचंही नाही. कॅलेंडरातून गाळलेल्या दहा दिवसांचंही नाही."

"अहो, बरं म्हटलं ना! काकडी चिरू द्या मला."

चष्मेवाल्यांच्या तोंडून असं वचन निघणं ही साधी गोष्ट नव्हती. चष्म्यांचं दुकान हा त्यांचा धंदा होता आणि युरोप-अमेरिकेच्या इतिहासातली न सुटलेली कोडी हा त्यांचा आजार होता. त्या देशांत ते कधी गेले नव्हते, जाणारही नव्हते. पण तिकडच्या कुठल्या शतकात कुणाला काही उमगेनासं झालं की त्याचा त्रास यांना इकडे होई. डोळे तपासायला आलेलं गिऱ्हाईक म्हणजे तर आयती शिकार. हनुवटी टेकलेली, नाकावर ती जड चौकट, पळायची सोय नाही. "खालची ओळ वाचा," चष्मेवाले म्हणत, आणि त्याच दमात, "मला सांगा, सोळाव्या शतकात एका शहरात माणसं रस्त्यावर नाचायला लागली ती दिवसेंदिवस थांबेचनात. का नाचली असतील?" गिऱ्हाईक बिचारं घाबरून विचारी, "उजव्या डोळ्याने सांगू की डाव्या?"

पण सगळ्या कोड्यांत त्यांचं लाडकं म्हणजे मेरी सेलेस्ट. अठराशे बाहत्तर साली अटलांटिक महासागरात हे अमेरिकन जहाज एकटंच भरकटताना सापडलं. जहाज चांगलं धडधाकट, अन्नपाणी भरपूर, पोटात मद्यार्काची पिंपं. पण कप्तान नाही, त्याची बायको नाही, छोटी मुलगी नाही, खलाशी नाहीत. सोबतची लहान होडी तेवढी गायब. ती माणसं पुन्हा कुणाला दिसली नाहीत.

याच जहाजापायी चार वर्षांपूर्वी, याच टेबलावर, चष्मेवाल्यांचं आणि त्यांच्या साडूंचं वाजलं होतं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. ते विमा कंपनीत दावे तपासत. जळालेलं दुकान दाखवलं की हे आधी रॉकेलच्या वासासाठी मालकाचे हात हुंगायचे. "मद्यार्काची वाफ साठली, आता स्फोट होतो या भीतीने कप्तान सगळ्यांना घेऊन होडीत उतरला असणार," असं चष्मेवाले म्हणाले. "काहीतरीच! शहाणा माणूस चांगलं जहाज सोडून जात नाही. विम्याची भानगड आहे ती," असं साडू म्हणाले. मग चष्मेवाल्यांनी साडूंच्या अकलेचा उद्धार केला, साडूंनी चष्मेवाल्यांच्या दुकानाचा, आणि सूप तसंच टाकून साडू ताईंना घेऊन तरातरा निघून गेले. तेव्हापासून दोन घरांत जाणं-येणं बंद, बोलणं बंद.

चष्मेवाल्यांना स्वतःचं काही वाटलं नसतं. पण बायकोला एकुलती एक बहीण. आपल्या आगाऊ जिभेने ती तुटली, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. बायको कधी तक्रार करत नसे, त्यामुळे तर जास्तच लागे. शेवटी गेल्या आठवड्यात त्यांनी मनाचा हिय्या करून साडूंना फोन लावला, माफी मागितली आणि जेवायला बोलावलं. ही बातमी दिली तेव्हा बायकोचा चेहरा उतरला. "कशाला उगाच?" ती म्हणाली, "चाललंय ते बरं चाललंय." किती खोल जखम असेल, या विचाराने चष्मेवाल्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तर असा तो रविवार. टेबलावर पाच ताटं मांडलेली, भाताच्या पातेल्यातून वाफा येतायत, लेक फुलदाणी इकडून तिकडे हलवतेय, आणि पाहुणे पाच-दहा मिनिटांत येणार. एवढ्यात चष्मेवाल्यांनी नाक वर केलं.

"कसला वास येतोय?"

"भाताचा," बायको म्हणाली.

"नाही. उग्र आहे. स्पिरिटसारखा." त्यांनी बैठकीच्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "वाफ! घरात वाफ साठलीये, आणि आत गॅस चालू आहे!"

"अहो, असं काय..."

पण चष्मेवाले ऐकायच्या पलीकडे गेले होते. ज्या क्षणाबद्दल ते वर्षानुवर्षं वाचत होते, तो आज त्यांच्या घरी आला होता. श्वास रोखून त्यांनी गॅस बंद केला. "दिव्याच्या बटणांना हात लावू नका! ठिणगी उडेल! फोन ठेवा खाली, फोनसुद्धा नको! चला बाहेर!"

"माझी काकडी अर्धी राहिलीये."

"काकडीपेक्षा जीव मोठा आहे!"

घाईतही त्यांनी कप्तानाची चूक केली नाही. कप्तानाची होडी दोराने जहाजाला बांधलेली असावी आणि तो दोर तुटला असावा, असं त्यांचं मत होतं. म्हणून दार मिटू नये, आतली हवाही खेळावी, यासाठी त्यांनी फटीत आपला एक बूट अडकवला. लिफ्ट विजेवर चालते म्हणून जिन्याने चार मजले उतरवून बायको-लेकीला त्यांनी इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसवलं. स्वतः एक बूट घातलेल्या अवस्थेत समोर उभे राहून ते चौथ्या मजल्याकडे बघू लागले.

"पाहुणे येतील ना," बायको म्हणाली.

"स्फोट झाला नाही की लगेच वर जाऊ," चष्मेवाले म्हणाले.

पाहुणे त्याच वेळी पुढच्या बाजूने, लिफ्टने, वर पोचत होते.

दाराच्या फटीत बूट. ताईंनी हाक मारली, उत्तर नाही. दोघांनी आपापली पादत्राणं आत काढली आणि साडूंनी धंद्याच्या सवयीने हात पसरून बायकोला अडवलं. "कशाला हात लावू नकोस."

पाच ताटं. वाफाळता भात. अर्धवट चिरलेली काकडी आणि तिच्यात तशीच रुतलेली सुरी. टेबलावर ओळीने तीन फोन. माणूस एक नाही. ताईंनी बहिणीला फोन लावला तर तो त्यांच्या नाकासमोरच वाजू लागला.

"अहो, काहीतरी झालंय!" ताई घाबरल्या.

"काही झालेलं नाही," साडू संतापाने थरथरत म्हणाले. "कळलं मला. जहाज मांडलंय! चार वर्षं या माणसाने डोकं लढवलं आणि मला जेवायला बोलावून माझ्यासमोर ते जहाज मांडलं! माझी जिरवायला!"

"काहीतरीच काय! गरम भात टाकून कुणी नाटक करतं का?"

"तीच तर खुन्नस. जहाजावर गरम जेवण सापडलं ही लोकांनी मारलेली थाप आहे, हे याच माणसाने मला ऐकवलं होतं. आता मुद्दाम गरम भात ठेवलाय. बसलेत कुठेतरी दडून, आपली गंमत बघत. मीही हलणार नाही. बघू कोण आधी बाहेर येतं."

असं म्हणून ते सोफ्यावर बसले, पाय ताणून. आणि तळव्याला काहीतरी ओलं लागलं. त्यांनी पाय उचलला. मोजा भिजला होता. सोफ्याखालून एक तपकिरी ओघळ संथपणे बाहेर येत होता. साडूंनी वाकून वास घेतला, आणि मालकांचे हात हुंगण्यात उभी हयात गेलेल्या त्या नाकाने तत्काळ निकाल दिला.

"चल बाहेर!" ते किंचाळले. "पेटणारं आहे हे! पळ!"

"माझ्या चपला..."

"मरू देत चपला!"

साडूंनी बायकोचा हात धरून अशी धूम ठोकली की फटीतला बूट उडून जिन्यात गेला आणि मागे दार धाडकन मिटलं. दार मिटलं की आपोआप कुलूप लागायचं. चष्मेवाल्यांचा दोर तुटला, तो असा.

जिना इमारतीच्या मागच्या बाजूला उतरायचा. तिथे, टाकीजवळ, दोन्ही कुटुंबं समोरासमोर आली. तिकडे एका पायात बूट घातलेले चष्मेवाले, इकडे एक मोजा तपकिरी झालेले साडू.

"मुद्दाम केलंत!" साडू कडाडले. "जहाज मांडलंत!"

चष्मेवाल्यांनी ओठ आवळले. वचन म्हणजे वचन. पण तो शब्द समोरच्यानेच काढला होता, आणि माणसाच्या सोसण्याला मर्यादा असते. "मी काही मांडलं नाही," ते हळूच म्हणाले. "पण साडूबुवा, तुम्ही खाली का आलात?"

"म्हणजे काय! वाफ होती! कुठल्याही क्षणी भडका..." साडू मध्येच थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्याच कानावर पडलं होतं. घसा साफ करून ते टाकीकडे बघू लागले. चष्मेवाल्यांना आयुष्यात इतका आनंद कधी झाला नसेल. पण ताईंचा चेहरा बघून त्यांनी तो गिळला.

लेक मात्र मघापासून काकांच्या मोज्याकडे बघत होती. "बाबा," ती चाचरत म्हणाली, "ते पॉलिश आहे. खुर्चीचा पाय खरवडलेला दिसत होता म्हणून सकाळी लावलं. बाटली सोफ्यामागे ठेवली होती. लवंडली वाटतं."

"आणि मघाशी बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

जीव भांड्यात पडला, पण थोडाच वेळ. वर जाऊन बघतात तर दार बंद. किल्ली आत, फोन आत, साडूंचा फोनही सोफ्यावर. ताईंच्या फोनवरून किल्लीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, रविवार आहे, संध्याकाळी बघतो. साडूंनी खांद्याने दार ढकलून पाहिलं. खांदा दुखावला, दार तसंच. आतला भात आता गार होत असणार, हे प्रत्येकाला दिसत होतं.

चष्मेवाले जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. चार वर्षांनी बहीण दारात आली आणि आपण दारच बंद करून ठेवलं. त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"ताई," ते म्हणाले, "चूक माझी. तेव्हाही माझीच होती, आजही माझीच आहे. मला काय हवं ते बोला. यापुढे माझं तोंड बघू नका. पण हिच्याशी बोलणं टाकू नका हो. चार वर्षं ही कुणाशी मन मोकळं करत नाही. एकटी पडलीये. मला बघवत नाही."

ताईंनी धाकटीकडे बघितलं. धाकटीने ताईंकडे बघितलं आणि हळूच नकारार्थी मान हलवली. "जाऊ दे गं आता," ताई म्हणाल्या, "रडायला लागलेत ते." त्यांनी पर्स उघडली, आतल्या कप्प्यात हात घातला, एक किल्ली काढली आणि दार उघडलं.

चष्मेवाल्यांनी त्या किल्लीकडे निरखून पाहिलं.

"ही आमच्या घराची किल्ली," चष्मेवाले म्हणाले.

"हो."

"तुमच्या पर्समध्ये."

"अहो, गुरुवारी तुम्ही दिवसभर माल आणायला जाता, दुपारी जेवायलाही घरी येत नाही ना," बायको पदराशी चाळा करत म्हणाली, "तेव्हा ताई येते. कधी मी खाली गेलेली असते, म्हणून दिली करून."

"कधीपासून?"

"तुम्ही भांडलात ना, त्याच्या पुढच्या गुरुवारपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?" साडू ताईंवर उसळले. "गुरुवारी तू गुडघ्यांच्या व्यायामाला जातेस ना?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी समेट केला असता!" ताई म्हणाल्या. "मग परत आपण चौघं एका टेबलावर, परत तुमची ती जहाजं आणि कैदी, आणि आम्ही बहिणी मीठ मागायला तुमचं वाक्य संपायची वाट बघत बसणार. चार वर्षं किती सुखात गेली, सांगू तुम्हाला!"

"मावशी केकही आणते," लेक म्हणाली, आणि आईने डोळे वटारल्यावर आत पळाली.

दोघी बहिणी आत गेल्या, खिडक्या उघडल्या, फडकं शोधलं. चष्मेवाल्यांना राग यायला हवा होता. तो येतोय का, याची त्यांनी थोडी वाट पाहिली. पण छातीवरचं चार वर्षांचं ओझं एकदम उतरल्यामुळे रागाला धरायला काही जागाच उरली नव्हती. हिला बहीण होती. सगळा वेळ होती. आतून दोघींचं खिदळणं ऐकू आलं तसं त्यांनाही हसू फुटलं.

"इतकी वर्षं मी लोकांच्या थापा पकडतोय," साडू त्यांच्या शेजारी पायरीवर बसत, मोजा पिळत म्हणाले.

"गुडघे कसे आहेत पण ताईंचे?"

"ठणठणीत. म्हणून तर कधी शंका आली नाही."

मग साडूंनी दाराकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला. "साडूबुवा, त्या दोराचं मला नाही पटत. दोर तुटला तर होडी वल्हवत मागे आली नसती का?"

चष्मेवाल्यांचे डोळे चमकले. "जहाजाची शिडं वर होती! वारा आला की जहाज पुढे..." त्यांनी जीभ चावली. "इथे नको."

"गुरुवारी?"

"या गुरुवारी माल आणायला जात नाही. तुम्ही दुकानात या. दुपारी गिऱ्हाईक नसतं."

"घरी काय सांगू?"

"डोळे तपासायचे आहेत म्हणा."

आतून हाक आली तसे दोघं उठले आणि शहाण्या मुलांसारखे टेबलावर जाऊन बसले. भात गार झाला होता, काकडीला पाणी सुटलं होतं, पण जेवण छान झालं. दोघांपैकी एकानेही इतिहासातलं अवाक्षर काढलं नाही. उलट मीठ हवंय का, असं आपणहून विचारलं. ताईंना ते फार बरं वाटलं. बायकोला मात्र थोडी शंका आली.