सहा हूक, तीन शब्द

सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी शाळेच्या दाराशेजारच्या भिंतीवरून ‘माग्ना’ खाली उतरली. आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी ती पुन्हा वर चढली, पण दोन हात डावीकडे!

उतरवणारा आणि चढवणारा एकच, पाथरवट. वैतागलेला अजिबात नाही. उलट मिशीतल्या मिशीत हसत होता. करामत त्याचीच होती ना! शाळेचं ब्रीदवाक्य लॅटिनमधलं, तीन शब्दांचं. डोमुस म्हणजे घर, माग्ना म्हणजे मोठं, सापिएन्तिए म्हणजे ज्ञानाचं. महिन्यापूर्वी हे शब्द कागदावर लिहून देताना जुने सर सहज म्हणून गेले होते, ‘‘लॅटिनची हीच तर ऐट! शब्द कुठेही ठेवा, घर मोठंच राहतं आणि ज्ञानाचंच राहतं.’’

दुसऱ्या कुणी मान डोलावून सोडून दिलं असतं. पाथरवटाने ते वहीत माप म्हणून उतरवून घेतलं. शब्द कुठेही ठेवायचे, तर ते कुठेही बसले पाहिजेत! त्याने एकाच मापाच्या तीन पातळ फरशा कापल्या, प्रत्येकीवर एकेक शब्द कोरला, मागे दोन-दोन कड्या बसवल्या आणि भिंतीत सहा हूक ठोकले.

‘‘सात मिनिटांत क्रम बदलून देतो!’’ त्याने मुख्याध्यापकांना ऐकवलं होतं. ‘‘मी नसलो तरी अडणार नाही. खुंटीवरची टोपी काढण्याइतकं सोपं काम!’’

मुख्याध्यापक खूश झाले. अकरा वाजता संस्थेच्या अध्यक्षा पडदा बाजूला करणार होत्या. सगळं नीट पार पडलं तर वाचनालयाच्या भिंतींचं कामही पाथरवटालाच. चाळीस फरशा! म्हणजे वर्षभर दुसऱ्या कुणाच्या दारात जायला नको. घरी बायकोला तर त्याने ते काम मिळालंच म्हणून सांगूनही टाकलं होतं.

आता आठ चाळीसचं कारण. जुन्या सरांनी या शाळेत छत्तीस वर्षं लॅटिन शिकवलं. हल्ली लॅटिन शिकवतात त्या बाई त्यांच्याच सूनबाई. घर एक, जेवणाचं टेबल एक, पण विशेषण कुठे ठेवायचं याबद्दल मतं दोन.

‘‘आकार सांगणारं विशेषण नामाच्या आधी!’’ सर काठी आपटत म्हणाले होते. ‘‘माग्ना डोमुस. मोठं घर. ‘घर मोठं’ म्हणजे काय? भाड्याने द्यायचंय?’’

पाथरवटाने सात मिनिटांत क्रम बदलला. सर निघून गेले.

सव्वानऊला बाई आल्या आणि पायरीवरच थबकल्या.

‘‘मिस्त्री, हा उद्योग कुणाचा?’’

‘‘सरांचा.’’

‘‘बाबांचा? मला तर फिरायला जातो म्हणाले! काढा ती फरशी. नाम पहिलं. आधी घर तर दिसू दे, मग ते मोठं की लहान ते बघू. नुसतं ‘मोठं!’ असं ओरडलं तर लोक काय, साप निघाला म्हणून पळतील!’’

सात मिनिटं.

पावणेदहाला सर परतले. या वेळी बाई तिथेच उभ्या होत्या.

‘‘बाबा, तुम्ही निवृत्त झालात.’’

‘‘मी झालो, सूनबाई. विशेषण नाही झालं!’’

‘‘डॉक्टरांनी तुम्हाला चिडू नका म्हटलंय.’’

‘‘मग चिडवू नकोस! बरं, तडजोड करतो. मोठं पुढे, घर मागे, ज्ञान मधोमध. थंडीत आईबापाच्या मध्ये पोर झोपतं, तसं.’’

‘‘हे भाषणात शोभतं, बाबा. भिंतीवर नाही.’’

पाथरवट तोवर स्टुलावर चढलाही होता. कुणी नुसता हात हलवला तरी तो फरशी उचलत होता!

दहा वाजता मुख्याध्यापक आले. त्यांना लॅटिनचं अक्षर येत नव्हतं, त्यामुळे मत फार ठाम होतं. ‘‘लांब शब्द मध्येच पाहिजे, पण घर डावीकडे घ्या. दार डावीकडे आहे ना! फोटोत बरं दिसतं.’’

बाईंना निम्मं पटलं, सरांना काहीच पटलं नाही. दहा पंचविसापर्यंत फरशा नुसती संगीतखुर्ची खेळत होत्या. तीन शब्दांचे क्रम एकूण सहाच होतात, हे पाथरवटाला हिशेब न करता, खांद्यातून समजलं. सहाही होऊन गेले होते.

एवढ्यात इस्त्रीचा शर्ट घेऊन त्याची बायको आली.

‘‘अहो, तीन दगड टांगायला अख्खी सकाळ? आणि चाळीस टांगायला काय पुढचा जन्म घेणार?’’

पाथरवटाने भिंतीवर पडदा सोडला आणि मागच्या नळावर हातपाय धुवायला गेला. पंधरा मिनिटं. तेवढीच!

अकराला अध्यक्षांनी दोरी ओढली. वय ब्याऐंशी, चष्मा जाड, पण पकड मजबूत. पडदा सरसर बाजूला झाला.

भिंतीवर सहा हूक होते. फक्त सहा हूक!

चाळीस फरशा पाथरवटाच्या डोळ्यांसमोरून एकामागोमाग एक निघून गेल्या.

काय घडलं ते नंतर समजलं. दहा अडतीसला सरांनी पडद्याखालून ‘माग्ना’ काढून पिशवीत घातली. फरशीच नसली तर चुकीच्या जागी लागेल कशी? बेचाळीसला त्याच विचाराने बाईंनी ‘डोमुस’ लांबवली. सेहेचाळीसला मुख्याध्यापकांनी लांब शब्दाची फरशी खोलीत नेली. अगदी शेवटच्या मिनिटाला आणून मध्येच लावायची, असा बेत. पण अध्यक्षा वेळेआधी आल्या. टोपी काढण्याइतकं सोपं होतं ना!

अध्यक्षांनी चष्मा सावरत भिंत डावीकडून उजवीकडे निरखली.

‘‘वा!’’ त्या म्हणाल्या. ‘‘तीस वर्षं उद्घाटनं करतेय. सगळीकडे उपदेश! पहिल्यांदाच कुणी काही लिहिलं नाही. कुणाचं काम हे?’’

बायकोने ढोसल्यामुळे पाथरवट पुढे सरकला. ‘‘माझं.’’

‘‘अगदी सुबक! वाचनालयातही हुबेहूब असंच करा. मुख्याध्यापक, आत्ता, माझ्यासमोर लिहून द्या यांना.’’

मुख्याध्यापकांनी ‘पण’ म्हणायला तोंड उघडलं, अध्यक्षांच्या चष्म्याकडे पाहिलं आणि पेन काढलं.

संध्याकाळी सहापर्यंतची स्थिती अशी. ‘माग्ना’ सरांच्या उशीखाली. ‘डोमुस’ बाईंच्या कपाटात, त्याच घरात, भिंतीपलीकडे. सापिएन्तिए मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवर आता बंद होत नाही. आपली फरशी आधी आणून द्यायला तिघांपैकी कुणीही तयार नाही.

पाथरवटाच्या खिशात सही-शिक्क्याचं पत्र आहे: वाचनालय, हूक ऐंशी, फरशी एकही नाही.

‘‘मिळालं ना काम?’’ बायकोने जेवताना विचारलं.

‘‘मिळालं.’’

‘‘दगड कधी येणार मग?’’

पाथरवटाने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. हे लिहीपर्यंत त्याने तो खाली ठेवलेला नाही!