करार न पाळण्याचा करार

पुठ्ठेशेठ आणि साबणाचा कारखाना यांच्यातला व्यवहार कित्येक वर्षं कायद्याला अजिबात न विचारता सुरळीत चालला होता. कारखान्याचे खरेदीप्रमुख, ज्यांना वॉचमनपासून मालकापर्यंत सगळे 'दादा' म्हणत, ते रोज सकाळी फोन करायचे.

"पाठव."

"किती?"

"नेहमीचे."

"कधी?"

"काल."

फोन आपटला जायचा. दुपारी पुठ्ठ्याच्या बॉक्सचे गठ्ठे भरलेला टेम्पो कारखान्याच्या दारात. माल कमी आला तर दादा शिव्या द्यायचे. जास्त आला तर ठेवून घ्यायचे आणि तरीही शिव्या द्यायचे. पुठ्ठेशेठच्या शेडमध्ये दोन मशिनी, मूठभर कामगार आणि गिऱ्हाईक एकच, हे साबणवाले. म्हणजे दादांचा फोन वाजला तर सगळ्यांच्या घरी चूल पेटणार. तो आजवर रोज वाजला होता, त्यामुळे हा विचार करायची वेळ कुणावर आली नव्हती.

मग मुलीचं लग्न झालं आणि घरात वकील आला.

जावई एकदा शेड बघायला आला. पुठ्ठ्याच्या धुळीने तीनदा शिंकला आणि रुमालाआडून म्हणाला, "बाबा, करार कुठाय?"

"कसला करार?"

"उद्या त्यांनी माल घेतलाच नाही तर?"

"घेतात हो."

"नाही घेतला तर?"

"फोन करीन."

"फोन उचलला नाही तर?"

"घरी जाईन त्यांच्या. वहिनी चहा देतात."

जावयाने डोळे मिटून घेतले. मग एक्स-रे बघितलेल्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "बाबा, कायद्याच्या नजरेत तुमचा धंदा अस्तित्वातच नाही."

पुठ्ठेशेठने वळून मशीनकडे बघितलं. मशीन धडधडत होती, पण जावयाला नाही कसं म्हणणार?

करार तयार झाला. त्यात 'नेहमीचे' या शब्दाची व्याख्याच सहा पानं चालली. 'काल' या शब्दाला कायद्यात भविष्यकाळ नाही म्हणून तो वगळला. शिव्यांसाठी 'तोंडी नापसंतीदर्शक निवेदन' असं कलम घातलं, पण ते लेखी द्यायचं होतं. मसुदा कारखान्यात गेल्यावर मालकांना आठवलं की आपणही एक वकील पोसतो. त्या वकीलसाहेबांनी आपला मसुदा धाडला. त्यात जावयाने लिहिलेलं सगळं होतं, फक्त उलट. जिथे जावयाने 'जबाबदारी खरेदीदाराची' लिहिलं होतं, तिथे त्यांनी 'पुरवठादाराची' लिहिलं. मग दोन्ही वकील चार महिने एकमेकांना स्वल्पविराम पाठवत बसले. या चार महिन्यांत माल रोज जात होता.

अखेर सही करायला पुठ्ठेशेठ आणि दादा समोरासमोर बसले.

"वाचलंस का रे?" दादांनी हळूच विचारलं.

"तुम्ही?"

"मी तुझ्यावर सोडलं होतं."

"मी तुमच्यावर."

दोघांनी समाधानाने सह्या ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "पाठव." माल गेला. रात्री जावई घरी आला तो लालबुंद होऊन.

"बाबा, मागणी चौदा दिवस आधी रजिस्टर पोस्टाने यायला हवी! तपासणी समितीच्या सहीशिवाय माल उतरवायचा नाही! आज दिवसभरात तुम्ही नऊ वेळा करारभंग केलाय!"

"आणि दादांनी?"

"अकरा वेळा."

"म्हणजे आपण चांगले," असं म्हणून पुठ्ठेशेठने पाण्याचा तांब्या पुढे केला.

पण जावई हुशार. त्याने पूरक करार काढला. मूळ करार न पाळणं हा करारभंग समजला जाणार नाही, असं त्यात दोन्ही पक्षांनी मान्य केलं. फक्त मूळ करार मोडताना प्रत्येक वेळी तशी लेखी सूचना द्यायची होती. ती अर्थातच कुणी दिली नाही. मग हा करार न पाळण्याचा करारही पाळला जात नाही, म्हणून तोही न पाळण्याचा तिसरा करार झाला. पुठ्ठेशेठच्या बायकोने हे सगळे करार ठेवायला फ्रीजवरची जागा रिकामी करून दिली. ती एवढंच म्हणाली, "बॉक्स बनवता तुम्ही, आणि घरात ठेवायला एक बॉक्स नाही."

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण कारखान्याच्या वकिलाने कुणीच काही पाळत नाही हे बघून एक कलम तरी पाळून दाखवायचं ठरवलं, आणि सोपं म्हणून तपासणी समिती नेमली. समिती म्हणजे टाय घातलेला एक नवा माणूस. त्याने करारातलं बॉक्सचं चित्र हातात घेतलं, गोदामातल्या गठ्ठ्यांसमोर उभा राहिला आणि हादरला. 'ही बाजू वर' लिहून बाण वर दाखवायचा होता. इथे प्रत्येक बॉक्सवर बाण खाली होता, अक्षरं उलटी, साबणाचं नावही उलटं. सगळाच माल उलटा!

गोदामाला सील लागलं. तज्ज्ञ येईपर्यंत कुणी मालाला हात लावायचा नाही, असं कलम होतं. नवीन माल मागवायचा नाही, असंही होतं. दोन्ही वकिलांनी आपापल्या माणसाला बजावलं, "फोनवर एक अक्षर बोलायचं नाही. बोललात की कबूल केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. साबण उघडाच पडून राहिला आणि शेडमधल्या मशिनी गप्प झाल्या. कामगार विड्या ओढत दाराशी बसले. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्याने विचारलं, "शेठ, आम्ही दुसरीकडे बघायचं का?"

मग दादांच्या सहीची नोटीस आली. आठवडाभरात खुलासा न केल्यास व्यवहार कायमचा बंद. पुठ्ठेशेठने ती पहिल्या ओळीपर्यंत वाचली आणि खुर्चीत बसकण मारली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"दादांनी मला 'प्रिय महोदय' म्हटलंय. संपलं आता."

"त्यांनी लिहिलंय होय ते? इतक्या वर्षांत त्यांनी तुम्हाला गाढवाशिवाय काही म्हटलंय का? जा, उठा, चपला घाला."

"जावईबापू म्हणाले, परस्पर भेटायचं नाही."

"जावईबापूंना मी जेवायला वाढते. तुम्ही जा."

पुठ्ठेशेठ गेला. वॉचमनने अधिकृत प्रतिनिधीचं पत्र मागितलं, मग त्याचं तोंड बघून स्वतःच म्हणाला, "जा शेठ, मी लघवीला गेलोय."

दादा केबिनमध्ये हाताची घडी घालून बसले होते. पुठ्ठेशेठ दारातच चपला काढून उभा राहिला. मग दादांचा बांध फुटला.

"गाढवा! बाण खाली? इतकी वर्षं बॉक्स करतोस आणि बाण खाली?"

ती शिवी ऐकून पुठ्ठेशेठच्या डोळ्यांत पाणीच आलं. "दादा, छपाईचा ठोकळा तोच आहे हो. दाखवा तरी."

गोदामाच्या खिडकीच्या काचेला दोघांनी नाकं लावली. पुठ्ठेशेठने मान डावीकडे वाकवली. मग आणखी वाकवली.

"दादा."

"काय?"

"गठ्ठेच डोक्यावर उभे केलेत."

दादांनीही मान वाकवली. वाकलेल्या मानेनेच ते म्हणाले, "आयला."

सील तुटलं. गठ्ठे पलटले. संध्याकाळी साबण बॉक्समध्ये गेला, आणि दादांनी तिथूनच, पुठ्ठेशेठ शेजारी उभा असताना, त्याला फोन करून "पाठव" म्हणून सांगितलं.

जावयाचा रक्तदाब वाढला. "तडजोड केलीत? लवादाशिवाय? गठ्ठे उलटे ठेवले कुणी, हे आधी ठरायला हवं होतं! त्यावर दहा वर्षं केस चालली असती!"

"हो ना," पुठ्ठेशेठ म्हणाला. "आणि तोवर बॉक्स कुणी दिले असते?"

करार मात्र कुणी फाडला नाही. दादा म्हणाले, असू दे, कधी भांडण झालं तर लागेल. पुठ्ठेशेठने विचारलं, मग आत्ता झालं ते काय होतं? दादा म्हणाले, "ते करारामुळे झालं. मी आपल्या भांडणाचं म्हणतोय."

हसताय? हसा. भाड्याच्या घरात राहत असाल तर तुमच्याही कपाटात एक करारनामा आहे. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असं त्यात लिहिलंय. आता बाहेरच्या खोलीतलं घड्याळ कशावर लटकतंय ते बघा. परवा घरमालक येऊन बसला होता, त्याच घड्याळात बघून म्हणाला, "चला, उशीर झाला." खिळा त्याला दिसला नाही. त्याच्याशी गोड बोलत राहा. ज्या दिवशी बोलणं थांबेल, त्या दिवशी त्याला आधी खिळाच दिसेल.