श्यामरावकाकांचा हात

सौंसरच्या बाजारात श्यामरावकाका येताना दिसले की फळवाले टोपल्या झाकतात. काका घेतात पाव किलो, पण दाबून पाहतात सगळी टोपली. स्वतःचा संत्र्याचा बगीचा आहे, तरी दुसऱ्याचं संत्रं हाती घेतल्याशिवाय त्यांना राहवत नाही. दारावर ‘रंग ओला आहे’ असं लिहिलेलं असलं तर बोट टेकवून खात्री करतात आणि ते बोट शेजारच्या, म्हणजे माझ्या, भिंतीला पुसतात. जामसांवलीला गर्दीमुळे मारुतीचं दर्शन लांबूनच झालं, तर घरी येईपर्यंत घुश्श्यात. विचारलं की एकच उत्तर, "डोये फसवते राजा, हात नाई फसवत."

अशा माणसाने थायलंडच्या सहलीत वाघाला हात लावला नसता तरच नवल. बैठकीत मधोमध तो फोटो आहे. काका वाघाच्या पाठीवर हात ठेवून हसताहेत, वाघ पसरलेला, बाजूला काकी उभ्या. कोणीही आलं की पाण्याच्या आधी फोटो. "वाघ हाये हा, मांजर नाई! हात लावून पाह्यला मी!" मीटर पाहायला आलेल्या माणसाचीही सुटका नसे. गेल्या वर्षी काकी वारल्या आणि हे भाषण बंद पडलं. आम्हाला वाटलं, दुःख आहे, ओसरेल.

यंदा आमचंही थायलंडचं ठरलं. मुलीला वाघाचं पिल्लू मांडीवर घेऊन फोटो हवा होता. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मलाच. काकांकडे चौकशीला गेलो तो पोळ्याचा आदला दिवस. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे त्या संध्याकाळी हळद-तुपाने मळायचे, असा आमच्याकडचा रिवाज. काका गोठ्यात तेच करत होते. गडी असूनही हे काम ते कोणाला देत नाहीत.

"काका, तिथं लहान मुलांना वाघाजवळ सोडतात ना?"

काकांनी माझा हात धरून बैलाच्या खांद्यावर ठेवला. बोटं टेकताच बैलाचं कातडं थरारलं.

"पाह्यलं? याले मी लहानाचा मोठा केला, तरी थरथरते. माशी बसली तरी थरथरते. त्या वाघाचं नाई थरथरलं. पुऱ्या पाठीवरून हात फिरवला मी. वल्ल्या पोत्यावानी पडून होता. काहीतरी पाजून ठेवलं होतं त्याले. पोरीले नको नेऊ."

"तुम्हाला हे कळलं केव्हा?"

"तवाच. हाताले तवाच समजलं. फोटोवाला म्हणे हासा, तं हासलो."

तुपाचा हात तसाच धरून काका उभे राहिले. "लाज वाटून राहिली राजा. गावभर तोच वाघ दाखवत फिरलो."

मलाही मान वर करवेना. मी तर तोच फोटो काढायला निघालो होतो.

"मग काढून का नाही टाकला फोटो?"

"कसा काढू? आमचा दोघाचा तेवढाच एक हाये." काका पुन्हा खांदा मळू लागले. "ती म्हणे, नका लावू हो हात, बिमार दिसून राहिला तो. मी तिले भित्री म्हणलं. सगळ्याइच्या समोर."

परतताना मी बैठकीत थांबलो. हा फोटो कितीदा पाहिला होता, पण दर वेळी वाघच पाहिला होता. आज काकींकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते, आणि त्या हसत नव्हत्या.