क्लचमधली हवा

सकाळी नऊ वाजता सुनेने गाडीचा क्लच दाबला, तो खाली बसला आणि वर यायचं नावच घेईना. पायाने उचलून पाहिला, पुन्हा बसला. अकराला शहराच्या दुसऱ्या टोकाला तिची मुलाखत होती. बाळ झाल्यानंतरची पहिलीच. तिथवर धड बसही जात नव्हती.

नवऱ्याने बॉनेट उघडलं. "ऑइलच्या नळीत हवा धरलीय. काल मी ऑइल बदललं ना, तेव्हाच शिरली असणार."

"म्हणजे हा तुझाच पराक्रम!"

"अर्ध्या तासात काढतो गं. फक्त क्लच दाबायला कुणीतरी हवं."

"मी बसते," सासूबाई म्हणाल्या. जन्मात त्यांनी गाडी चालवली नव्हती; पण पदर खोचून अशा बसल्या, की आता गाडी उडतेच.

काम सोपं होतं. सासूबाईंनी क्लच दाबून धरायचा. नवऱ्याने गाडीखालचा छोटा स्क्रू सैल करायचा, ऑइलबरोबर बुडबुडे निघाले की आवळायचा, आणि मगच त्यांनी पाय उचलायचा. स्क्रू उघडा असताना पाय उचलला, की हवा पुन्हा आत. बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून कुणी बोलायचं नाही असं ठरलं. नवऱ्याने पाना एकदा वाजवला तर दाबायचं, दोनदा वाजवला तर सोडायचं.

दहा मिनिटं छान गेली. मग बाळ उठलं. सुनेने त्याला कडेवर घेऊन बाहेर आणलं आणि रडू नये म्हणून हातात वाटी-चमचा दिला.

टक, टक.

सासूबाईंनी पाय सोडला. गाडीखालून सुर्रकन आवाज आला.

"आई! सोडलास कशाला?"

"दोनदा वाजलं."

"अगं, ते बाळ होतं!"

"मला इथून दिसतंय का कोण वाजवतंय ते?"

"बरं, आता बाळ उठलंच आहे, तर तोंडानेच सांगतो. दाब!"

सासूबाई ढिम्म. "ठरलंय ते वाजवायचं. मधेच नियम बदलले की माझा गोंधळ होतो."

टक, टक, टक.

"आता हे तीनचं काय ठरलंय?"

शेवटी सुनेने बाळाच्या हातातली वाटी काढून घेतली. बाळाने भोकाड पसरलं, पण क्लचला दम आला. दहाच्या ठोक्याला केसांतून ऑइल गाळत नवरा बाहेर आला आणि त्याने बाळ घेतलं. "जा, पळ!"

सासूबाई सरकून शेजारच्या सीटवर बसल्या. "मीही येते. वाटेत पुन्हा हवा शिरली म्हणजे?"

वाद घालायला वेळ नव्हता.

बाराच्या सुमारास मुलाखत देऊन सून बाहेर आली. सासूबाई ड्रायव्हरच्या सीटवर, दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून, घामाघूम. पाय क्लचवर. दाबत होत्या, सोडत होत्या.

"एकदाही हवा शिरू दिली नाही बघ," त्या म्हणाल्या. "काय म्हणाले ते?"

एकदा काढलेली हवा आपणहून परत येत नाही, हे सांगायला सुनेने तोंड उघडलं आणि मिटलं.

"सोमवारपासून या म्हणाले, आई."

"मग सोमवारी मी आंघोळ लवकर उरकते," सासूबाई पाय चोळत म्हणाल्या.

"उरका," सून म्हणाली. "तुमच्याशिवाय नाही हो जमायचं मला." आणि ते खोटं नव्हतं.