सुभेदारांचं घर कागदावर पडतं

भूकंप गुरुवारी सकाळी दहा वाजता होणार होता. ग्रामपंचायतीनं तसं आदल्या दिवशी स्पीकरवरून कळवलं होतं, आणि येताना आधारकार्डाची झेरॉक्सही आणायला सांगितली होती.

कोयनानगरच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत जमीन अधूनमधून हलायचीच. फळीवरची भांडी वाजली की बाया ती सारखी करून पुन्हा भाकरी थापायला बसत. पण वेळ देऊन येणारा भूकंप कुणी बघितला नव्हता, म्हणून झाडून सगळं गाव शाळेच्या मैदानावर लोटलं. तालुक्याहून आलेलं पथक सराव घेणार होतं.

निवृत्त सुभेदार लालासाहेब निघाले तेव्हा राहीबाईंनी दारातच बजावलं, "आवं, लौकर या. बारा वाजता शिरवळचं पाव्हणं यायचं हायती." मुलाचं, धैर्यशीलचं, लग्न ठरत आलं होतं. शिरवळची साक्षी सगळ्यांना पसंत होती. तिच्या वडलांना, हंबीररावांना, तेवढं घर बघायचं राहिलं होतं. घराची लालासाहेबांना काळजी नव्हती. फौजेतल्या पगारातून त्यांनी आठ पिलरवर असं घर उठवलं होतं, की त्याला बघून भूकंपानंच वाट बदलावी.

दहाला भोंगा वाजला. पथकाच्या मॅडमनी यादी उघडली आणि कार्डं वाटली. लाल म्हणजे घर पडलं, हिरवं म्हणजे शाबूत. शेजारच्या निजामच्या, गाद्या भरणाऱ्या निजामच्या, पत्र्याच्या घराला लाल कार्ड मिळालं. सोबत दोन ब्लँकेटं आणि एक निळी बादली. लालासाहेबांना हिरवं मिळालं. सोबत काही नाही.

"न्हाई, चांगलं हाय," लालासाहेब निजामला म्हणाले. "आमी पोटाला चिमटा काढून पिलर टाकले, आमाला कागद. तुमी पत्रा टाकला, तुमाला बादली. म्हंजे उद्यापास्नं समद्यांनी पत्राच टाकावा."

"मी काय हौसेनं टाकला व्हय पत्रा?"

"फुकटानं माणूस ऐदी होतो रं. कट्ट्यावर मी रोज सांगतो."

"सुभेदार, भूकंप काय कुणी किती कष्ट केलं ते इचारून येतो का?"

गर्दीचे लगेच दोन भाग पडले. ज्यांचं घर पडलं होतं ते निजामच्या मागं, ज्यांचं उभं होतं ते सुभेदारांच्या मागं. मॅडम म्हणाल्या, "काका, हा नुसता सराव आहे."

"भूकंप खोटा असू दे मॅडम. न्याय खरा पायजे."

"मग ऐका," मॅडमनी पुढचं पान वाचलं. "हिरव्या घरांनी आपत्तीग्रस्तांना आसरा द्यायचा आहे. तुमच्याकडे चार कुटुंबं. संध्याकाळी पाचपर्यंत. फोटो काढायला माणूस येईल."

लालासाहेबांनी मनात हिशेब केला. चार कुटुंबं म्हणजे सव्वीस माणसं, आणि सोप्यात तर पाव्हण्यांसाठी नवी चादर अंथरलेली. त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, आमचं घर दिसतं तसं न्हाई बगा."

"म्हणजे?"

"पश्चिमेच्या भिंतीला तडा हाय."

"कवापास्नं?" निजामनं कुतूहलानं विचारलं.

"तू गप रं. वाळूबी जरा खारी होती. आन् पिलर आठ दिसत्यात, पर दोन नुसतं शोभेला हायती."

पंधरा वर्षं त्या पिलरची पोथी ऐकलेलं गाव कान टवकारून जवळ सरकलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं आणि लाल कार्ड दिलं. पण पथकाच्या तक्त्यात हिरवी घरं सातच हवी होती, सहा चालत नव्हती. त्यांनी यादीवरून पेन्सिल फिरवली आणि ती निजामवर थांबवली. हलकं घर भूकंपात चांगलं टिकतं, असं त्यांच्या पुस्तकातच होतं. निजामच्या हातातली बादली आणि ब्लँकेटं सुभेदारांच्या हातात आली.

"घ्या सुभेदार," निजाम म्हणाला. "ऐदी हू नका फकस्त."

लालासाहेब घाईनं घरी आले, तर पथकाची माणसं आधीच पोचलेली. दारावर लाल पट्टी आणि वर मोठा कागद: 'धोकादायक. प्रवेश बंद.' राहीबाई पोह्यांचं ताट घेऊन अंगणात उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी, चष्मा पुसून पुसून तो कागद वाचत, हंबीरराव.

"पाव्हणं, ह्ये काय?"

खरं सांगावं तर माणूस खोटा ठरत होता, खोटं सांगावं तर घर. लालासाहेब बादली पाठीमागं लपवायला बघत होते, पण बादली मोठी होती. तेवढ्यात निजाम आला. "चला सुभेदार, यादीत तुमी माझ्याकडं हाय. पाव्हण्यांनाबी घ्या."

सगळे पत्र्याखाली गेले. निजामनं नव्या गाद्यांची चळत मोडून एकेक गादी अंथरली. त्याची बायको अफसाना चहा ठेवायला आत गेली. हंबीरराव गादीत कमरेपर्यंत रुतले, पण त्यांची नजर लालासाहेबांवरून हलेना.

लालासाहेबांनी एकदा राहीबाईंकडं बघितलं आणि बोलून टाकलं. "घर पक्कं हाय. आठच्या आठ पिलर खरं हायती. पाव्हणं येणार म्हणून घर मोकळं ऱ्हावं, तर मीच ते पाडून घेतलं. कागदावर. ह्या निजामची बादलीबी घेतली."

मग हंबीररावांनी ब्लँकेट मांडीवर ओढलं, दोन बोटांत धरून चोळून बघितलं, बादली उलटी करून बुडाला टिचकी मारली.

"आमी फुकट कायबी घेत न्हाई," ते म्हणाले. "घराणंच तसलं हाय."

"आमचंबी," लालासाहेब म्हणाले.

"मग सुपारी फोडू की. सोयरीक सारख्याला सारखी पायजे." ते जरा पुढं वाकले. "पर ह्ये बादल्या वाटणारं पथक शिरवळकडं कवा येतंय, काय कळलं का?"

लालासाहेबांच्या जिवात जीव आला. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्या भिंतीला तडा कुटं गेलाय?"

"न्हाई ओ. नवंकोरं घर हाय."

"मी येतो आयतवारी," लालासाहेब म्हणाले. "बगू की हुडकून."